डोळा लाल, आतून ठणका, उजेड नको वाटतो: युव्हायटिसबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं हा आजार सोबत घेऊन फिरणारा पेशंट आहे. नवीन पेशंट आणि त्यांचे घरचे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. हे वाचून औषध ठरवायचं नाही, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत आणि का बोलतायत ते नक्की कळेल.

युव्हायटिस म्हणजे डोळ्यात नक्की काय होतं?

डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो, त्याचं नाव युव्हिया. त्याचा पुढचा भाग म्हणजे आयरिस, बाहुलीभोवती आरशात दिसतो तो रंगीत गोल. त्याच्या मागे सिलिअरी बॉडी, जिथे डोळ्याच्या आतलं पाणी तयार होतं, आणि सगळ्यात मागे कोरॉइड, जो पडद्याला म्हणजे रेटिनाला मागून चिकटलेला असतो. यातल्या कुठल्याही भागाला सूज आली की तो युव्हायटिस. सूज म्हटल्यावर लोक आरशात पापणी फुगलीय का बघतात, पण ही सूज आतली असते, बाहेरून डोळा फुगलेला दिसतच नाही.

कुठे सूज आहे त्यावरून चार प्रकार पडतात: पुढचा, मधला, मागचा आणि सगळीकडे पसरलेला. पुढचा म्हणजे अँटिरियर सगळ्यात जास्त आढळतो, त्यालाच आयरायटिस पण म्हणतात. तुमच्या फाइलवर यातला कुठला शब्द लिहिलाय ते एकदा बघून ठेवा, कारण औषधं, टेस्ट, धोका हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं आणि दुसऱ्या कुणाच्या युव्हायटिसची कहाणी तुम्हाला लागू होईलच असं नाही.

डोळे आलेत की युव्हायटिस आहे, घरी कसं ओळखायचं?

पक्कं निदान घरी होत नाही. पण संशय घरी घेता येतो, आणि तो वेळेवर घेतला तर अर्धं काम झालं.

डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, खाज सुटते, वाळू गेल्यासारखं खुपतं, बऱ्याचदा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं, घरात अजून कुणाला तरी झालेलं असतं. डोळे मिचकावून चिकटा बाजूला केला की नजर आधीसारखीच असते. लाली सगळीकडे पसरलेली, पापणी खाली ओढली तर आतली बाजू पण लालभडक.

पुढच्या युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात, पाणी येतं. खाज नाही, ठणका असतो, खोल कुठेतरी, कधी भुवईपर्यंत जाणारा. लाली जास्त करून बुबुळाच्या (म्हणजे आयरिसच्या पुढच्या काचेसारख्या पारदर्शक भागाच्या, कॉर्नियाच्या) कडेला गोल कड्यासारखी असते, तिथून बाहेर जाताना फिकी होत जाते. आणि उजेड. उजेड अजिबात सहन होत नाही, खिडकी उघडली तरी डोळा गच्च मिटतो. नजर थोडी धूसर होते. दोन बाहुल्या नीट बघितल्या तर दुखणाऱ्या डोळ्याची बाहुली लहान किंवा वेडीवाकडी वाटू शकते.

एक गोष्ट करून बघता येते. दुखणारा डोळा हाताने झाका आणि चांगल्या डोळ्यावर उजेड पडू द्या. झाकलेला डोळा तरी दुखला तर आतल्या सुजेचा दाट संशय घ्या, कारण एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात आणि सुजलेला आयरिस आकसताना दुखतो. अर्थात नाही दुखला म्हणजे युव्हायटिस नाहीच, असा उलटा अर्थ काढू नका.

माझं मत विचाराल तर लाल डोळा, सोबत ठणका, उजेडाचा त्रास किंवा धूसर नजर यातलं काहीही असेल तर 'डोळे आलेत, होईल बरं चार दिवसात' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

डोळा लाल नाही, दुखत पण नाही. तरी असू शकतो का?

हो, आणि मला तरी हाच प्रकार जास्त घातक वाटतो. मधला आणि मागचा युव्हायटिस बरेचदा न दुखता येतो. नजरेसमोर काळे ठिपके, जाळी, धागे तरंगायला लागतात, किंवा नजर हळूहळू धुरकट होते आणि माणूस चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलून येतो. एखाद-दुसरा ठिपका वयानुसार खूप जणांना दिसतो, त्याने घाबरायचं कारण नाही, पण अचानक ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं झालं, सोबत वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली तर डोळ्याचा मागचा पडदा म्हणजे रेटिना सुटत असण्याची शक्यता असते, तेव्हा थांबायचं नाही.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा अशी लक्षणं कुठली?

नजर अचानक कमी होणं. झोपेतून उठवेल इतका ठणका. डोळ्याचं ऑपरेशन किंवा डोळ्यात इंजेक्शन झाल्यावर काही दिवसांत दुखणं आणि लाली वाढणं, कारण हे आतलं इन्फेक्शन असू शकतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं. डोळ्याला मार लागणं किंवा टोकदार काही घुसणं. डोळा दुखून मळमळ, उलट्या आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसणं, हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. लोक उलट्यांमुळे पोटाच्या डॉक्टरकडे जातात आणि डोळ्याचं राहून जातं.

माराबद्दल एक वेगळी गोष्ट. एका डोळ्याला खोल जखम झाली तर काही आठवड्यांनी, क्वचित वर्षांनी, दुसऱ्या चांगल्या डोळ्याला पण सूज येऊ शकते, कारण शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्याच्या आतल्या घटकांना परकं समजायला लागते. हे दुर्मिळ आहे. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कामातलं टोकदार हत्यार त्याच्या एका डोळ्यात घुसलं आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. आजच्या अनेक डॉक्टरांच्या मते ते असंच झालं असावं. म्हणून जखम एका डोळ्याला असली तरी नंतर दुसरा डोळा धूसर झाला तर लगेच दाखवा.

डॉक्टर हनुवटी टेकवायला लावून त्या दिव्याच्या मशीनमधून काय बघतात?

ती मशीन म्हणजे स्लिट लॅम्प, आणि युव्हायटिसचं निदान तिच्याशिवाय होत नाही. मोबाईलवर फोटो पाठवून तर नाहीच नाही.

खोलीत अंधार करतात आणि उजेडाची एक बारीक पट्टी तिरकी डोळ्यात सोडतात. बुबुळ आणि आयरिसच्या मधल्या जागेत पाणी असतं, निरोगी डोळ्यात ते इतकं स्वच्छ असतं की उजेड त्यातून जाताना दिसतच नाही. सूज असली की रक्तवाहिन्यांमधून पांढऱ्या पेशी आणि प्रोटीन त्या पाण्यात झिरपतात, मग बंद खोलीत कौलातून आलेल्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसावी तशा त्या पेशी तरंगताना दिसतात. डॉक्टर त्या अक्षरशः मोजतात. १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर उजेडाच्या चौकोनात ६ ते १५ पेशी असतील तर १ प्लस, १६ ते २५ असतील तर २ प्लस, २६ ते ५० म्हणजे ३ प्लस आणि ५० च्या वर ४ प्लस. ही पद्धत २००५ पासून जगभर वापरतात. फाइलवर 'सेल्स २ प्लस' असं काही दिसलं तर ते हे असतं. पुढच्या वेळी तो आकडा विचारा, डोळ्याला कसं वाटतंय यापेक्षा तो आकडा जास्त खरं बोलतो.

शिवाय बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचे ठिपके चिकटलेत का, आयरिस मागच्या भिंगाला चिकटलाय का, डोळ्याचं प्रेशर किती आहे, हे बघतात. मग बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स टाकून मागचा पडदा बघतात. ही पायरी कंटाळवाणी आहे, पुढे काही तास जवळचं दिसत नाही, पण पुढच्या सुजेसोबत मागे काही चाललंय का ते दुसऱ्या कशाने कळणार? पडद्याच्या मधल्या भागात पाणी साठलंय असा संशय आला तर ओसीटी नावाचं स्कॅन करतात, त्यात दुखत-बिखत काही नाही.

मलाच का झालं?

कारणं दोन मोठ्या गटात पडतात. एक इन्फेक्शन: हर्पिस, टीबी, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी वगैरे. दुसरा गट म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या डोळ्यावर उलटते, कधी फक्त डोळ्यात तर कधी शरीरातल्या दुसऱ्या आजाराचा भाग म्हणून. क्वचित एखादं औषधही कारण असतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-इंजेक्शनं डॉक्टरांना सांगा, हाडांसाठीची आणि कॅन्सरसाठीची सुद्धा.

हे दोन गट वेगळे करणं म्हणजेच योग्य उपचारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दुसऱ्या गटात प्रतिकारशक्ती दाबायची असते, पहिल्या गटात आधी जंतू मारायचे असतात. टॉक्सोप्लाझ्मा किंवा टीबी असताना नुसतं स्टिरॉइड (सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं तर सुरुवातीला बरं वाटतं आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं.

आणि बऱ्याच पेशंटमध्ये सगळं तपासून पण कारण सापडत नाही. हे ऐकून चिडचिड होते, पण कारण न सापडता उपचार मात्र नीट होऊ शकतात, आणि मोठी इन्फेक्शन नाहीत हे कळणं हाच टेस्टचा अर्धा फायदा आहे.

डोळा दुखतोय तर डॉक्टर कंबरेबद्दल का विचारतात?

कारण अचानक एका डोळ्यात येणाऱ्या पुढच्या युव्हायटिसचा एचएलए-बी२७ नावाच्या जीनशी जवळचा संबंध आहे, आणि तोच जीन अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या पाठीच्या कण्याच्या आजारात सापडतो. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते, बसून राहिलं की परत आखडते, पहाटे कंबरदुखीने जाग येते, हे चाळिशीच्या आत सुरू झालं असेल तर सांगा. कितीतरी जणांचं कंबरेचं दुखणं 'खुर्चीवर बसून बसून' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं आणि ते शेवटी डोळ्याच्या डॉक्टरमुळे पकडलं जातं.

तसंच तोंडात वारंवार फोड (बेहचेट), अंगावर खवले पडणारे चट्टे (सोरायसिस), महिनोन्‌महिने जुलाब किंवा संडासातून रक्त (आतड्यांची सूज), जुना खोकला किंवा धाप (सार्कॉइडोसिस, टीबी), कानात आवाज, डोकेदुखी आणि त्वचेवर पांढरे डाग (व्हीकेएच नावाचा आजार). डोळ्याशी काय संबंध म्हणून यातलं काही गाळू नका.

बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरायचं पण कारण नाही. तो असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर काहीच होत नाही. ज्यांना होतो त्यांचे झटके अचानक येतात, जोरात येतात, कधी या डोळ्यात तर कधी त्या डोळ्यात, आणि वेळेवर औषध सुरू झालं तर साधारण दीड-दोन महिन्यांत पूर्ण शांत होतात.

पहिल्याच वेळी डझनभर टेस्ट कराव्या लागतात का?

पहिलाच, एकाच डोळ्यातला, सौम्य, पुढचा झटका असेल आणि बाकी शरीराची काही तक्रार नसेल तर बरेच डॉक्टर टेस्टशिवाय उपचार करतात, ते बरोबरच आहे. परत आला, दोन्ही डोळ्यांत आला, मागच्या भागात आला, किंवा औषधाला दाद देत नसेल तर मात्र टेस्ट हव्यात. साधारण रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, टीबी आणि सिफिलिससाठीच्या टेस्ट, बी२७, मग लक्षणांनुसार पुढचं. सिफिलिसची टेस्ट लिहिली म्हणून अपमान वाटून घेऊ नका, तो आजार डोळ्यात कुठलंही रूप घेतो आणि पेनिसिलिनने बरा होतो म्हणून सगळ्यांनाच लिहितात.

दुसऱ्याला लागतो का?

नाही. रुमाल, उशी वेगळी करायची गरज नाही. आतलं मूळ इन्फेक्शन असेल, फुप्फुसाचा टीबी वगैरे, तर त्याची काळजी वेगळी.

घरात मागच्या वेळचे स्टिरॉइड ड्रॉप्स पडलेत, टाकू का?

नाही. म्हणजे नाहीच.

लाल डोळ्याचं कारण बुबुळावरचा हर्पिसचा व्रण असेल तर स्टिरॉइडने तो पसरतो, बुरशीचं इन्फेक्शन असेल तर बुबुळ वितळायची वेळ येऊ शकते. वाईट भाग असा की टाकल्यावर लाली खरंच कमी होते, दोन दिवस वाटतं काय भारी औषध आहे, आणि तोवर आत नुकसान होत राहतं. दुकानातून 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स द्या' म्हणून आणलेल्या बाटलीत अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं हे पण लक्षात ठेवा, लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही दिसलं की ते स्टिरॉइड.

ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना काही डॉक्टर 'सुरू झाल्यासारखं वाटलं तर पहिला ड्रॉप टाका आणि लगेच या' असा प्लॅन लिहून देतात. तो लिहून दिलेला असेल तर गोष्ट वेगळी, त्यातलं 'लगेच या' विसरायचं नाही एवढंच.

दर तासाला ड्रॉप? आणि बरं वाटलं तरी बंद का करायचे नाहीत?

पुढच्या युव्हायटिसचं मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइड ड्रॉप्स, बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का. जोराची सूज असेल तर सुरुवातीला जागेपणी दर तासाला टाकायला सांगतात, कधी त्याहून पण जास्त. लोकांना वाटतं लिहिताना चूक झाली, मग आपल्या मनाने दिवसातून चार वेळा करतात आणि आठवड्याने म्हणतात औषध लागू पडत नाही. सुरुवातीला जोर लावला की सूज लवकर खाली येते आणि एकूण औषध उलट कमी लागतं.

आता दुसरी गंमत. तीन-चार दिवसांत ठणका जातो, आठवड्यात लाली जाते, डोळा आरशात एकदम छान. आणि इथेच बहुतेक लोक ड्रॉप्स सोडतात. पण दुखणं आणि लाली आधी जाते, पाण्यातल्या पेशी नंतर, कधी कधी आठवड्यांनी. त्या असताना औषध एकदम बंद केलं की सूज परत उसळते, बऱ्याचदा आधीपेक्षा जोरात. म्हणून हळूहळू कमी करायचं असतं, म्हणजे दिवसाला सहा, मग चार, मग तीन, दोन, एक, प्रत्येक पायरी साधारण आठवडाभर, पुढची पायरी कधी ते डॉक्टर पेशी बघून ठरवतात. एका झटक्यासाठी सहा ते आठ आठवडे हे अगदी नॉर्मल आहे. औषध बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत परत आला तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणजे क्रॉनिक धरतात आणि प्लॅन बदलतो, त्यामुळे बंद केल्याची तारीख लिहून ठेवा.

बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स कशासाठी? त्याने तर अजूनच दिसत नाही.

होमॅट्रोपिन, सायक्लोपेंटोलेट किंवा ॲट्रोपिन, हे सूज कमी करायला नसतात. आतला स्नायू आखडलेला असतो तो सैल पडतो म्हणून ठणका कमी होतो, आणि दुसरं, आयरिस मागच्या भिंगाला चिकटत नाही. चिकटला आणि तसाच राहिला तर बाहुली कायमची वाकडी राहते, आणि गोल सगळीकडून चिकटला तर पाण्याचा रस्ता बंद होऊन प्रेशर एकदम वाढतं. त्यामुळे वाचता येत नाही म्हणून हे ड्रॉप्स गुपचूप बंद करणं महागात पडतं. ॲट्रोपिनचा परिणाम आठवडा-दोन आठवडे टिकतो, बाकीचे एक-दोन दिवसांत उतरतात. तोवर गॉगल लावा आणि गाडी चालवू नका.

ड्रॉप टाकायची बरोबर पद्धत काय?

प्रेडनिसोलोन ॲसिटेटची बाटली उजेडात धरून बघा, तळाला पांढरा साका बसलेला दिसेल. औषध तेच आहे, वरचं पाणी नाही. न हलवता टाकलं तर पहिले कित्येक दिवस पातळ पाणी डोळ्यात जातं आणि शेवटी तळाशी घट्ट औषध उरतं. म्हणून प्रत्येक वेळी नीट हलवायची, साका पूर्ण मिसळेपर्यंत.

हात धुवा, मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकच थेंब, कारण डोळ्यात एका थेंबाएवढी पण जागा नसते, दुसरा गालावरच जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही आणि घशात कडू लागत नाही. दुसरा ड्रॉप टाकायचा असेल तर मध्ये पाच मिनिटं. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. उघडलेली बाटली साधारण महिन्याने फेकून द्या.

स्टिरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू होतो म्हणतात ना?

होऊ शकतो, खोटं नाही. साधारण तिघांतल्या एका माणसाचं प्रेशर स्टिरॉइड ड्रॉप्सने थोडंफार वाढतं, थोड्या लोकांचं बरंच वाढतं, बहुधा काही आठवड्यांनी. ते दुखत नाही, कळत नाही, मशीनवर मोजलं तरच सापडतं, आणि म्हणून 'आता बरं आहे, कशाला जायचं' म्हणून फॉलोअप चुकवणं हा या आजारातला मला दिसलेला सगळ्यात वाईट प्रकार. वाढलं तर प्रेशरचे ड्रॉप्स देतात, स्टिरॉइड बदलतात.

पण हिशोबाची दुसरी बाजू लोक बघत नाहीत. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन्ही गोष्टी उपचार न केलेल्या सुजेने पण होतात, वर पडद्याला सूज येते ती वेगळी, आणि नजर जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणजे स्टिरॉइडला घाबरून सूज तशीच ठेवली तर धोका टळत नाही.

ड्रॉप्सने भागलं नाही तर?

मधल्या आणि मागच्या भागात ड्रॉप्स पुरेसे पोचतच नाहीत. मग डोळ्याच्या बाजूला स्टिरॉइडचं इंजेक्शन, किंवा डोळ्याच्या आत हळूहळू विरघळणारी डेक्सामेथासोनची बारीक कांडी, जी काही महिने काम करते, किंवा पोटातून प्रेडनिसोलोन. गोळ्या बहुधा वजनाच्या प्रत्येक किलोला १ मिलीग्रॅमपर्यंतच्या डोसने सुरू होतात आणि मग उतरवत आणतात. या गोळ्यांनी साखर वाढते, बीपी वाढतं, झोप उडते, भूक खवळते, चेहरा गोल होतो, हाडं पातळ होतात. काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं.

म्हणून साधा नियम: तीन महिन्यांनंतर पण रोज ७.५ मिलीग्रॅमच्या वर स्टिरॉइड लागत असेल तर दुसरं औषध जोडून स्टिरॉइड कमी करायचं. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन ही ती औषधं. यांना जोर धरायला दोन-तीन महिने लागतात, दोन आठवड्यांत 'काही फरक नाही' म्हणून सोडायचं नसतं. त्यापुढे बायोलॉजिक इंजेक्शनं येतात, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एखाद्या ठराविक घटकालाच अडवणारी औषधं. ॲडालिमुमॅबला अमेरिकेत २०१६ मध्ये इन्फेक्शन नसलेल्या मधल्या, मागच्या आणि सगळीकडे पसरलेल्या युव्हायटिससाठी मंजुरी मिळाली. ते सुरू करायच्या आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासतात, लपलेला टीबी या औषधाने उफाळून येऊ शकतो.

मेथोट्रेक्सेट तर कॅन्सरचं औषध आहे ना?

कॅन्सरमध्ये त्याचे डोस फार मोठे असतात. इथे आठवड्यातून एकदा, छोटा डोस, प्रतिकारशक्ती शांत करायला. आठवड्यातून एकदा हे शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ असायला हवेत, कारण चुकून रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. एक वार ठरवा, गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. सोबत फॉलिक ॲसिड देतात, दारू बंद, आणि ठरलेल्या अंतराने रक्त आणि लिव्हरची तपासणी. मूल हवं असेल तर आधी बोला, गरोदरपणात मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट दोन्ही चालत नाहीत. गरोदर आहात म्हणून उपचार थांबवायचे असं मात्र नाही, चालणारी औषधं आहेत, डोळ्याच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

लहान मुलांमध्ये काय वेगळं असतं?

सांधेदुखीचा एक आजार लहान मुलांना होतो, जेआयए, गुडघा सुजतो, सकाळी मूल लंगडतं. त्यातल्या काही मुलांना युव्हायटिस होतो, आणि तो अजिबात लाल होत नाही, दुखत नाही. मूल टीव्ही बघतं, खेळतं, तक्रार शून्य. आत मात्र बाहुली चिकटत असते, बुबुळावर पांढरा पट्टा येत असतो, मोतीबिंदू होत असतो. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. लहान वयात आजार सुरू झालेला, थोडेच सांधे धरलेले आणि एएनए नावाची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर धोका जास्त, अशा मुलांना तक्रार नसताना पण दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर दाखवायचं. 'डोळे तर स्वच्छ आहेत' हे आई-बाबांचं वाक्य इथे उपयोगाचं नाही.

या मुलांसाठी चांगली बातमी पण आहे. २०१७ मध्ये सिकॅमोर नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, मेथोट्रेक्सेटसोबत ॲडालिमुमॅब दिलेल्या मुलांमध्ये फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला.

डोळ्याच्या सुजेचे अजून कुठले आजार यात गल्लत करतात?

दोन सांगतो. स्क्लेरायटिस म्हणजे पांढऱ्या कवचाची सूज: हाडात घुसल्यासारखं दुखतं, रात्री जाग येते, कपाळ-जबड्यापर्यंत जातं, लालीला जांभळट झाक असते. यात नुसते ड्रॉप्स सहसा पुरत नाहीत आणि संधिवात किंवा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार शोधावा लागतो. दुसरा ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज: डोळा बाहेरून पांढराशुभ्र, पण फिरवला की दुखतो, नजर काही दिवसांत पडते, लाल रंग त्या डोळ्याने फिका दिसतो. यात शिरेतून मोठ्या डोसचं स्टिरॉइड देतात. १९९२ च्या एका मोठ्या अभ्यासात नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या दिलेल्यांना झटके उलट जास्त आले होते, म्हणून इथे आपल्या मनाने स्टिरॉइडची गोळी घेऊन बघणं नको.

सूज चालू असताना लेन्स, मोबाईल, पोहणं?

कॉन्टॅक्ट लेन्स बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. मोबाईलने युव्हायटिस वाढत नाही, डोळा दुखेल तेवढंच, ब्राइटनेस कमी करा. पोहणं थोडे दिवस राहू द्या. सिगारेट ओढत असाल तर ती सोडण्याचं हे खरंच चांगलं कारण आहे, युव्हायटिस आणि सिगारेटचा संबंध अभ्यासांत दिसलाय. डोळ्यात घरगुती काहीही घालायचं नाही, सूज आत आहे आणि बाहेरून घातलेलं तिथे पोचत नाही, इन्फेक्शन मात्र पोचू शकतं.

मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन कधी करायचं?

शक्यतो डोळा निदान तीन महिने पूर्ण शांत राहिल्यावर, आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर जादा स्टिरॉइडचं कव्हर देऊन. घाई करून सुजलेल्या डोळ्यात ऑपरेशन केलं तर नंतर सूज जोरात येते.

आंधळेपणा येतो का?

येऊ शकतो, पण पुढच्या युव्हायटिसमध्ये वेळेवर उपचार आणि फॉलोअप असेल तर बहुतेकांची नजर चांगली राहते. नजर जाते ती जास्त करून मागच्या भागातल्या सुजेने, जुनाट सुजेने, आणि मधल्या मध्ये औषध सोडण्याने.

दर वेळी नवीन डॉक्टर असतात, काय सोबत न्यायचं?

एक वही. प्रत्येक झटक्याची तारीख, कुठला डोळा, किती सेल्स, प्रेशर किती, कुठला ड्रॉप किती वेळा आणि कधी बंद केला. जुने रिपोर्ट, बी२७ आणि टीबीची टेस्ट विशेष करून, म्हणजे परत परत रक्त द्यावं लागत नाही. चालू असलेल्या बाटल्या पिशवीत टाकून न्या, नावं आठवण्यापेक्षा ते सोपं. आणि निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: आज सेल्स किती, ड्रॉप्स कुठल्या तारखेला किती करायचे, आणि मधेच दुखलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा.